बोंडअळीचा उपास

माझ्या नाकावर राग असायचा. अजूनही असतो, पण आता लोक त्याला वय म्हणून सोडून देतात. सव्विसाव्या वर्षी कोणी सोडत नसे. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, नागपुरात संगणकावर काम करणाऱ्या मोजक्या बायकांतली एक, लकडगंजातल्या लाकडाच्या व्यापाऱ्याची मुलगी, आणि नोकरी तात्पुरती. दर सहा महिन्यांनी साहेबांची सही झाली तर पुढचे सहा महिने. अशा नोकरीत माणूस एक तर गरीब गाय होतं, नाही तर माझ्यासारखं सतत शिंगं रोखून असतं.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. आमच्या केंद्रातला संगणक एका मोठ्या, थंडगार खोलीत होता. बाहेर मे महिन्यात डांबर वितळायचं आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो. चपला दाराबाहेर काढायच्या. नियम धुळीसाठी होता, पण नवीन माणूस चपला काढल्यावर आपोआप हातही जोडायचा. जाड कागदाची कार्डं असत, एका कार्डावर ऐंशी घरं, त्यात मशीनने टकटक करत भोकं पाडायची. प्रोग्रॅम म्हणजे अशा कार्डांचा गठ्ठा. तो खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन उत्तर न्यायचं. उत्तर बहुतेक वेळा एवढंच असायचं की तुमची अमुक ओळ चुकली आहे. मग परत कार्ड, परत खिडकी. आता घरातली पोरं फोनवर बोटं फिरवून सगळं करतात, करू देत बापडी. मला मात्र त्या पंचिंगच्या खोलीचा आवाज अजून आठवतो आणि आठवला की बरं वाटतं.

एके दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, जीवशास्त्राच्या लोकांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं आहे, दर शनिवारी दोन ते पाच, आणि ते तू शिकवणार. मीच का, असं विचारायची सोय नव्हती. पहिल्या शनिवारी चौदा जण आले. सगळे माझ्यापेक्षा मोठे, कॉलेजांत शिकवणारे, पीएच.डी.च्या मागे लागलेले. कोणी बेडकांवाले, कोणी गवतांवाले, एक गोगलगाईंवाले. गणित म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. वनस्पतिशास्त्राच्या एका सरांनी तर पावसाळ्यात दमट झालेली कार्डं वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून, वर वजन ठेवून दाबली होती. पानं-फुलं वाळवतात तशी! वर प्रत्येक घडीत डांबराच्या गोळ्या. वाचन-यंत्रात ती कार्डं घातली तेव्हा सगळ्या खोलीत पेटीतल्या शालूचा वास सुटला. मी त्यांना खूप बोलले. कार्डं मात्र एकही न अडकता वाचली गेली, ते मी कोणाला सांगितलं नाही.

पंचिंगची मशीनं दोनच होती आणि रांग लांब. म्हणून तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी त्यांना एक युक्ती सांगितली. फळ्यावर कार्ड काढलं आणि म्हटलं, "जिथे शून्य आहे तिथे काही पंच करू नका. घर कोरं सोडा. मशीन कोऱ्या घराला शून्यच धरतं. तुमचा निम्मा वेळ वाचेल." चौदाही जणांनी वहीत उतरवून घेतलं. सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं, मशीन तसंच वागायचं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की ही माणसं शेतात, तळ्यावर वही घेऊन फिरतात तेव्हा त्यांच्या वहीत शून्य वेगळं असतं आणि कोरी जागा वेगळी. शून्य म्हणजे गेलो, पाहिलं, एकही सापडलं नाही. कोरं म्हणजे गेलोच नाही. माझी सगळी आकडेमोड पुस्तकातली. पुस्तकातला माणूस कधी गैरहजर नसतो.

त्या चौदांत सावनेरच्या एक बाई होत्या. तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. वय चाळिशीच्या पुढे, नऊवारी नव्हे पण पाचवारीही अशी खोचलेली की आत्ता शेताच्या धुऱ्यावरून उतरून आल्यात असं वाटावं. माहेर-सासर दोन्हीकडे शेती. वर्गात मला मॅडम म्हणायच्या आणि वर्ग सुटला की "काहून वं, जेवली का?" असं विचारायच्या. त्यांचा विषय कपाशीवरची बोंडअळी. पाच शेतं निवडलेली, दोन सावनेरजवळ, तीन माहेरच्या गावी. दर रविवारी प्रत्येक शेतात वीस झाडं, प्रत्येक झाडाची पाती म्हणजे कळ्या, फुलं, बोंडं उघडून अळ्या मोजायच्या. असे तीन हंगाम. अळी कधी वाढते, कधी उतरते, हे एकदा नीट कळलं तर शेतकऱ्याला औषध कधी फवारायचं ते सांगता येईल, एवढाच त्यांचा हेतू होता.

त्यांना घाई होती. पीएच.डी.ची नोंदणी दोनदा वाढवून झाली होती, आता सप्टेंबरअखेर शेवटची. तोवर प्रबंध दाखल झाला नाही तर आठ वर्षांचं काम पाण्यात. नव्याने नाव नोंदवायला वय नव्हतं आणि त्यांचे गाईडही निवृत्त होणार होते. हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पंचिंगच्या रांगेत सगळे त्यांना पुढे जाऊ द्यायचे.

जुलैत त्यांचा गठ्ठा मशीनवर चढला. तेव्हाचे आलेख चांदणीच्या चिन्हाचे असत, छापायच्या यंत्रातून रुंद कागदावर चांदणी चांदणी करत रेघ उतरायची. तीन वर्षांच्या तीन रेघा मी टेबलावर पसरल्या आणि माझे डोळेच चमकले. तिन्ही वर्षी अळी चढत जात होती आणि मध्येच एका आठवड्यात धप्पकन निम्म्याच्या खाली येऊन पुढच्या आठवड्यात परत वर. पण दर वर्षी आठवडा वेगळा. एका वर्षी ऑगस्टच्या शेवटी, एका वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर. मी भिंतीवरची जुनी कॅलेंडरं शोधून आणली आणि तिथी लावून पाहिल्या. तिन्ही वेळा भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आसपास! चंद्र! पतंगांवर चांदण्याचा परिणाम होतो हे मी कुठेतरी ऐकलं होतं. मला वाटलं, मी शोध लावला.

शनिवारी मी सगळ्या वर्गासमोर तो कागद उलगडला. बाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"मॅडम, मले एक सांगा," त्या म्हणाल्या. "अष्टमी तं दर महिन्यात येते. मंग बाकीच्या महिन्यात अळी काहून कमी होत नाही? भादव्यात काय उपास धरते का ते?"

वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. प्रश्न बरोबर होता हे मला त्याच क्षणी कळलं होतं, म्हणून जास्तच फिरलं.

"बाई, मशीनला तुमच्या अळीशी काही देणंघेणं नाही. ते खोटं बोलत नाही. तीन वर्षं, तीनदा तेच. शिकायचं असेल तर शिका, नाही तर सावनेरची बस सव्वापाचला आहे."

माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या बाईला मी हे बोलले. त्यांनी कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि वर्ग लांबला तरी शेवटपर्यंत बसल्या. त्या दिवशी बस चुकली असणार त्यांची.

गाईडना मात्र चंद्र फार आवडला. त्यांनी त्याचं वेगळं प्रकरणच करायला लावलं आणि शेवटी शिफारसही घालायला लावली की त्या आठवड्यात अळी आपणच उतरते, तेव्हा फवारणी केली नाही तरी चालेल. बाईंनी लिहिलं. मी म्हटलं होतं, गाईडही म्हणत होते, दोन शिकलेली माणसं एका बाजूला असल्यावर त्या एकट्या काय करणार?

सप्टेंबर निम्मा झाला. एका सोमवारी मी केंद्रात गेले तर बाई दाराशी उभ्या. चपला काढलेल्या, हातात कापडी पिशवी, चेहरा उतरलेला.

"मॅडम, मोठा घोळ झाला," म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या.

घरी महालक्ष्म्या होत्या. तीन दिवसांचा सण, त्याआधी आठवडाभराची तयारी, सोळा भाज्या, पुरणाचा स्वयंपाक, पाव्हण्यारावळ्यांनी घर भरलेलं आणि बाई घरातल्या थोरल्या सून. "पुरण घोटून राहिली होती मी. जाऊबाई म्हणे, आज इतवार, वावरात नाही गेल्या? काम संपलं तरी सवयीनं जातेच ना मी. मी म्हटलं, घरात महालक्ष्म्या बसल्या, कशी जाऊ? अन् असा हात थांबला माहा."

त्यांनी पिशवीतून तीन हंगामांच्या तीन वह्या काढल्या. भाद्रपदातलं पान उघडलं. सावनेरजवळच्या दोन शेतांचे आकडे होते, ती त्यांनी भल्या सकाळी धावतपळत उरकलेली. माहेरच्या तीन शेतांचे रकाने कोरे. दुसरी वही, तेच. तिसरी वही, तेच.

"शून्य नाही हे. शून्य असतं तं मी शून्य लिहिते. हे कोरं हाये. इथं मी गेलीच नाही. काल लगेच गड्याले सायकलनं भावाकडं धाडलं, म्हटलं तूच मोज. हे पाहा त्याचे आकडे. अळी आहे तशीच हाये. चंद्र नाही नि काही नाही, माहा सैपाक होता तो."

मी त्या कोऱ्या रकान्यांकडे पाहत राहिले. मशीनने तिथे शून्य धरलं, बेरीज केली आणि पाचांनी भागलं. मला फळा दिसला, फळ्यावर मीच काढलेलं कार्ड दिसलं, माझं वाक्य ऐकू आलं.

"मीच चुकली वं मॅडम, पंच करताना," बाई म्हणाल्या. "तुमचं मशीन बरोबर. मीच पाहून घ्याले पाहिजे होतं."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं फक्त. पण महिनाअखेर माझ्या सहा महिन्यांची सही व्हायची होती, आतल्या खोलीत साहेब बसले होते, आणि खरं सांगायचं तर सही-बिही नंतर, आधी माझा ताठा आडवा आला. मी म्हटलं, "होतं असं. चला, गाईडकडे जाऊ."

गाईडनी शांतपणे ऐकलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "दहा-बारा दिवस राहिलेत. आहे तसा दाखल कर. मी सही करतो. कोणी एवढं तपासत नाही. मागाहून एखादा लेख लिहून दुरुस्त करशील."

"सर, त्या पानावर लिहिलं हाये का फवारा नाही मारला तरी चालते," बाई म्हणाल्या. "ते सगळ्यात आधी माहा भाऊच वाचन. माहा सासरा वाचन. त्या हप्त्यात नाही मारला अन् अळीनं बोंडं खाल्ली, तं मी घरात तोंड कसं दाखवू?"

"पण चूक झालीच कशी इतकी?"

"माह्या हातून झाली, सर," बाई म्हणाल्या.

मग मात्र ते चिडले. सणवार आणि संशोधन एका हाताने होत नसतं, घरच्या बायकांना हे झेपत नसेल तर आधीच विचार करावा, वगैरे बरंच बोलले. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून मी चहा पीत होते. पूर्ण कप प्यायले. तो चहा आठवला की आजही मला माझी लाज वाटते.

शेवटी गाईड म्हणाले, चंद्राचं प्रकरण काढून, सगळे तक्ते नव्याने करून महिनाअखेर आणलंस तर सही करीन, नाही तर आहे तो दाखल कर. बाईंनी मान डोलावली आणि आम्ही बाहेर पडलो.

मी तोंडाने काही बोलले नाही ते हातांनी फेडायला निघाले. प्रोग्रॅम नव्याने लिहिला. जिथे वही कोरी तिथे उणे एक पंच करायचं आणि मशीनने उणे एक दिसलं की ते बेरजेतही घ्यायचं नाही आणि भागाकारातही नाही. पण तीन हंगामांची सगळी कार्डं पुन्हा तपासायची, कित्येक पुन्हा पंच करायची, ती दोघींच्या हातून कशी व्हायची? शनिवारी वर्गात बाईंनी सगळ्यांना सांगितलं. सोमवारपासून एकेक जण कॉलेज संपवून यायला लागला. बेडकांवाले आकडे वाचायचे, गोगलगाईंवाले पंच करायचे, गवतांवाल्या बाई पडताळून पाहायच्या. प्रत्येकाने स्वतःच्या वह्याही उघडल्या आणि तिथेही तोच घोळ निघाला; युक्ती कोणाची होती ते मात्र कोणी काढलं नाही. "अरे बाप्पा, माझं तळं तर दर दिवाळीत आटतंय!" असं गोगलगाईंवाले ओरडले तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसले. बाईंनी डब्यातून सणाचं उरलेलं फराळाचं आणलं होतं, कार्डांना तूप लागू नये म्हणून आम्ही पाळीपाळीने दाराबाहेर उभं राहून खायचो. माझ्या सबंध नोकरीत इतके सुखाचे दिवस नव्हते. बाई अधूनमधून माझ्याकडे पाहायच्या. मी कार्डांकडे पाहायचे.

परीक्षांच्या निकालाचं काम आलं आणि साहेबांनी मशीन दोन दिवस परीक्षा विभागाला दिलं. मी त्या लोकांशी दारात उभी राहून भांडले, आवाज चढवला, दुपारचा एक तास काढून घेतला. राग पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी आला. त्या तासात बाईंचे सगळे तक्ते छापून झाले. रेघ आता नीट चढत होती आणि नीट उतरत होती, मध्ये कुठेही उपास नव्हता. सीताबर्डीच्या टंकलेखकाने पानं बदलून दिली, बांधणीवाल्याने चार प्रती बांधल्या, गाईडनी सही केली. तोवर महिन्याचा शेवटचा दिवस उजाडून दुपारही टळली होती.

विद्यापीठाच्या कचेरीत आम्ही पोहोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. पाचला खिडकी बंद. आमच्या पुढे तिघे होते. हात भरून आले म्हणून बाईंनी दोन प्रती माझ्याकडे दिल्या, आणि उभ्या उभ्या मी वरची प्रत उघडली. पहिल्याच पानांत आभार होते. इंग्रजीत, नीट टंकलेले. केंद्राचे आभार, माझे आभार, आणि पुढे एक ओळ: नोंदी यंत्रात भरताना माझ्या हातून झालेली गंभीर चूक दुरुस्त करण्यासाठी मॅडमनी दिवसरात्र मदत केली.

ही ओळ आता शिक्क्यासह कायमची जाणार होती.

"बाई, ही ओळ खोटी आहे," मी म्हटलं. "कोरं सोडा असं मी सांगितलं होतं. चूक माझी होती."

बाईंनी खिडकीवरची नजर हलवली नाही.

"माहीत हाये मले."

"माहीत आहे?"

"त्या सोमवारी घरी गेली, वर्गाची वही काढली. तारखेसकट लिहून हाये त्यात."

"मग हे असं काहून लिहिलं?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"वाट पाहून राहिली होती मी. म्हटलं, आज बोलन, उद्या बोलन. पोरगी रागीट हाये पण खोटी नाही. तू काही बोललीच नाही. मंग टंकलेखकाले काही तं द्याच लागत होतं. पंच मी केलं होतं, तेवढं तं खरं होतं ना? तेवढं लिहिलं."

पुढचे तिघे संपले. कारकुनाने हात बाहेर काढला. मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आणि बाईंच्या हातातल्या दोन प्रती ओढूनच घेतल्या. खिडकीच्या लाकडी फळीवर ठेवून चारही प्रतींतली ती ओळ पेनाने खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं की चूक शिकवणारीची होती. चौथ्या प्रतीत शाई पसरली.

"हे काय करून राहिले तुम्ही? अशी खाडाखोड चालत नाही," कारकून म्हणाला. मग घड्याळाकडे पाहून म्हणाला, "बाजूले सही करा. ज्यानं खोडलं त्यानं करा."

मी केली. चार ठिकाणी, पूर्ण नावाने. त्यातली एक प्रत ग्रंथालयात आहे, पुढे डॉक्टर झालेल्या बाईंच्या त्या प्रबंधात माझ्या हातची ती खोड अजून दिसते. कारकुनाने शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि चारदा मारला. मागे शटर ओढल्याचा आवाज झाला.

बाईंनी पावती वाचली, घडी करून पर्समध्ये घातली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडून काहून राहिली वं? पास तं मले व्हायचं हाये."

मी रडत नाहीये, असं मी म्हटलं. तेही खोटंच होतं.